रुमालाचा पत्ता

आत्याच्या डायरीच्या शेवटच्या पानावर माझ्या हातचा एक आकडा होता, १९२.१६८.१.५०. त्याखाली तिच्या टपोऱ्या अक्षरात, 'बॅकअपचे मशीन. न उघडल्यास चि.ला फोन करणे.' तो चि. म्हणजे मी. आता त्या आकड्यावर तांबड्या पेन्सिलीची रेघ आहे आणि शेजारी एक नाव लिहिलेलं आहे. आकड्यापासून त्या नावापर्यंत यायला मला अख्खा पावसाळा लागला.

आत्या सदाशिव पेठेत राहते. सासरचा वाडा पाडून जी इमारत झाली तिच्या तिसऱ्या मजल्यावर. ती मोडी वाचते. कित्येक वर्षं पेशवे दप्तरात बसून वाचलं, आता घरी वाचते. लोक माळ्यावर सापडलेले कागद घेऊन तिच्याकडे येतात: वाटणीपत्रं, कर्जरोखे, देवस्थानांचे जमाखर्च, कुणाच्या तरी पणजोबांची घरगुती पत्रं. ती फोटो काढून घेते, कागद त्याच दिवशी परत देते आणि मग सवडीने त्यांचं बाळबोधीत लिप्यंतर करत बसते. कागद एकदा परत गेला की त्याचं पुढे काय होतं ते तिच्या हातात नसतं. वाडे पडतात, वाटण्या होतात, कागद रद्दीतही जातात. तिच्याकडे उरतो तो फोटो आणि तिने केलेलं वाचन.

हे वाचन म्हणजे नुसती नक्कल नव्हे. मोडीत आधी सबंध ओळीची रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवलेलं नसतं. कुठे शब्द संपला, कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. एखादं पान तासाभरात होतं, एखादं चार दिवस घेतं. 'अक्षर लागलं' असं ती म्हणते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाहण्यासाठी मी तिच्याकडे जात असेन, असं मला कधी कधी वाटतं.

तिचं माहेर, म्हणजे आमचं जुनं घर, नारायण पेठेत होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. आजोबांची कागदांची ट्रंक तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर आजीने कागद दोरीवर वाळत घातले. आत्याला आठवतं ते असं, की कागद वाळले, पण त्यांच्यावर काहीच उरलं नव्हतं. 'रंग उडालेली धोतरं वाळत घालावीत तशी ती दोरी दिसत होती,' असं ती म्हणते. कागद दोन ठिकाणी असायला हवेत, हे मला ऑफिसात कुणी शिकवायच्या कितीतरी आधी मी तिच्याकडून ऐकलं होतं.

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे बॅकअपचं मशीन बसवलं. माझा जुना डेस्कटॉप, चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क, एकीवरचं दुसरीवर आपोआप उमटणारं, वर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर बॅक्युला हा बॅकअपचा प्रोग्राम. ऑफिसात मी रोज बॅक्युला हाताळतो, त्यामुळे दुसरा विचार केला नाही. मशीन हॉलमधल्या कपाटात ठेवलं, वारा लागावा म्हणून दाराला जाळी करून घेतली. रोज रात्री दोन वाजता आत्याच्या संगणकावरची नवी कामं त्यात जायची आणि सकाळी मला मेल यायची. महिन्यातून एकदा एक वेगळी डिस्क भरून मी कोथरूडला माझ्या घरी घेऊन जायचो. डायरीतला आकडा म्हणजे घरच्या नेटवर्कमधला या मशीनचा पत्ता. तो मी स्थिर दिला होता, राऊटरने वाटलेला नाही, मी ठरवलेला. तो बदलणार नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो.

गेल्या वर्षी जुलैत इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन राऊटर बदलून गेला. जुन्या राऊटरची गल्ली, म्हणजे त्याच्या सगळ्या आकड्यांची सुरुवात, होती १९२.१६८.१, नव्याची १९२.१६८.०. मधला एक आकडा. आत्याचा संगणक, फोन, प्रिंटर सगळ्यांनी नव्या राऊटरकडून नवे आकडे घेतले आणि कामाला लागले. माझं मशीन मात्र आपल्या स्थिर आकड्यासकट जुन्याच गल्लीत उभं राहिलं, आणि ती गल्ली आता जगात नव्हती. त्याला आत्याचा संगणक दिसेना. त्याला बाहेरचं इंटरनेटही दिसेना, म्हणून 'आज बॅकअप झाला नाही' ही मेलही त्याला पाठवता येईना. अपयशाची बातमी ज्या वाटेने यायची तीच वाट तुटली होती. सकाळची मेल बंद झाली हे माझ्या लक्षात आलं नाही. जे येतं त्याच्याकडे लक्ष जातं, जे येत नाही त्याच्याकडे जात नाही. ऑफिसच्या घाईगर्दीत मी त्या तीन आठवड्यांत तिच्याकडे फिरकलोही नव्हतो.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी सेव्ह करतानाच वीज गेली आणि तिची लिप्यंतराची मोठी फाइल उघडेनाशी झाली. तिने डायरी काढली, आकडा टाकला, काही उघडलं नाही. मग मला फोन केला. आवाज अगदी शांत होता. 'अरे, ते आपलं मशीन झोपलंय का?'

एकोणीस दिवसांपूर्वीची प्रत मिळाली. मधली एकतीस पानं गेली. फोटो शाबूत होते, म्हणून तिने ती पानं पुन्हा वाचायला घेतली, तक्रारीचा एक शब्द न काढता. ते काम पुरं झालं, पण चार जागी तिने टिंबटिंब सोडलं आहे. 'पहिल्या वेळी हे मला लागलं होतं रे,' ती म्हणाली. 'आता लागत नाही. त्या दिवशी मागचं-पुढचं सगळं डोक्यात होतं, त्या ओघात लागलं असणार.' ती चार टिंबं मला आजही टोचतात. कागद ज्यांचा होता त्यांनी वाडा विकला आहे.

आकडा दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. ५० च्या आधीचा १ काढून ० केला, मशीन जागं झालं. मग तो जुना आकडा आणखी कुठे कुठे लिहिलेला आहे ते शोधायला बसलो. बॅक्युलाच्या मुख्य फाइलमध्ये. आत्याच्या संगणकावरच्या नेटवर्क ड्राइव्हमध्ये. मोडी शिकायला येणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर. माझ्या लॅपटॉपवरच्या बॅक्युलाच्या कन्सोलमध्ये. कपाटाच्या आत चिकटवलेल्या कागदावर. आणि डायरीत. सहा जागा. एक गल्ली बदलली की सहा जागी खाडाखोड, आणि त्यातली एक राहिली तरी चूक कळणार ती गरजेच्या दिवशी. आकडा स्थिर ठेवून काही साधत नव्हतं. तो एकाच जागी लिहिलेला असायला हवा होता आणि बाकी सगळ्यांनी नुसतं नाव घ्यायला हवं होतं.

आपल्या पेठांत हे शहाणपण फार जुनं आहे. सदाशिव पेठेतल्या घरांना क्रमांक आहेत, पण शेजारच्या दोन घरांचे आकडे सलग असतीलच असं नाही, आणि आकडा सांगून कुणी कुणाकडे पोचलेलं मी पाहिलेलं नाही. चिमण्या गणपतीपाशी या, नागनाथ पारावरून डावीकडे वळा, खुन्या मुरलीधराच्या पुढे. पत्ता नावाने चालतो, आकडा महापालिकेच्या वहीत असतो. वहीत बदल झाला तरी माणसं वाट चुकत नाहीत.

मशीनला नाव हवं म्हणताच आत्या म्हणाली, 'रुमाल.' दप्तरखान्यात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. अमक्या रुमालातला अमका कागद, असा तिथला पत्ता. 'रुमाल सोडल्याशिवाय आत काय आहे ते वरच्या चिठ्ठीवरून कळलं पाहिजे,' ती म्हणाली. 'आणि चिठ्ठी ज्याने लिहिली तो रजेवर असला तरी कळलं पाहिजे.' दुसरं वाक्य तिने सहज म्हटलं. मला ते फार लागलं.

मशीनच्या नावात रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं, तेव्हा रुमाल रोमन अक्षरांत लिहिला. पण नुसतं 'रुमाल' पुरत नाही. पुण्याच्या आसपास वडगाव किती आहेत बघा: वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, वडगाव मावळ. म्हणून पाकिटावर आपण नावाखाली मु. पो., मग ता., मग जि. लिहितो, लहानापासून मोठ्याकडे. इंटरनेटवरची नावंही तशीच लिहितात, डावीकडे माणूस आणि उजवीकडे जिल्हा. घरातल्या यंत्रांसाठी हा 'जिल्हा' कोणता घ्यायचा यावर लोक बरीच मनमानी करतात. कुणी डॉट होम लिहितं, कुणी डॉट लॅन, कुणी चक्क खरं वाटणारं काहीतरी. ही मोकळी नावं आज कुणाची नसली तरी उद्या कुणाला दिली जाणारच नाहीत याचं वचन कुणी दिलेलं नाही, आणि तोवर तुमच्या घरातलं नाव चुकून बाहेर विचारलं जातं ते वेगळंच. २०१८ साली यासाठी होम डॉट आर्पा हे नाव रीतसर राखून ठेवलं गेलं. २०२४ मध्ये डॉट इंटर्नल हेही खासगी वापरासाठी राखलं. मी पहिलं घेतलं, कारण ते घरासाठीच म्हणून दिलेलं आहे. प्रत्येक घराचं होम डॉट आर्पा वेगळं, जसा पूर्वी प्रत्येक वाड्यात एक नाना असायचा. आमच्या वाड्यात 'नाना कुठे आहेत' विचारलं की आमचेच नाना दाखवायचे. तो प्रश्न चौकात जाऊन विचारायचा नसतो.

तर, रुमाल डॉट होम डॉट आर्पा.

पहिला उपाय सोपा वाटला, होस्ट्स फाइल. प्रत्येक संगणकात एक साधी मजकुराची फाइल असते, त्यात एका ओळीत आकडा आणि पुढे नाव लिहायचं. विंडोजमध्ये ती सिस्टिम३२ च्या पोटात, ड्रायव्हर्स, मग ईटीसी अशा आडबाजूला आहे. तिला विस्तार नसतो. नोटपॅडमधून बेसावधपणे सेव्ह केली की मागे टीएक्सटी लागतं आणि संगणक तिच्याकडे बघत नाही. नोटपॅडही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं.

या लहानशा फाइलीला मोठा इतिहास आहे. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या यंत्रांची नावं अशाच एका यादीत होती. ती यादी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या गटाकडे ते काम होतं. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्या यादीत भरणार, मग सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. सगळ्या जाळ्याचा एकच दप्तरखाना. यंत्रं वाढली तशी यादी पुरेना, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नाव विचारलं की आकडा सांगणारी, रचना मांडली: एक यादी सगळ्यांनी उतरवून घेण्याऐवजी ज्याची नावं त्याने आपल्याकडे ठेवायची आणि विचारलं की सांगायची. होम डॉट आर्पामधलं 'आर्पा' ही त्या जुन्या जाळ्याचीच खूण. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने यादी सांभाळणाऱ्या बाईंचं नाव परत विचारून घेतलं आणि डायरीत लिहिलं.

यादी उतरवून घेण्यातली अडचण आमच्या तीन संगणकांच्या घरातही तीच. आकडा आता तीन होस्ट्स फाइलींत होता, आणि फोनमध्ये तर ती फाइल उघडताच येत नाही. खाडाखोडीच्या जागा कमी झाल्या, पण मुद्दा तिथेच राहिला.

मग डॉट लोकल करून पाहिलं. यात दप्तरखाना नसतोच. 'रुमाल कोण?' अशी हाक गल्लीभर घालायची आणि ज्याचं नाव त्याने 'मी' म्हणून ओ द्यायची. याला एमडीएनएस म्हणतात. ॲपलच्या यंत्रांत ते बॉन्जूर नावाने असतं, लिनक्सवर अवाही ते काम करतं. रचना मला मनापासून आवडते, कारण काही लिहूनच ठेवावं लागत नाही. पण हाक गल्लीपुरतीच जाते, राऊटर ओलांडत नाही. शिकायला येणाऱ्यांसाठी मी पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवलं होतं, तिथे ती पोचेना. आत्याच्या जुन्या अँड्रॉइड फोनला ती भाषाच कळेना. घरातल्या प्रिंटरसाठी ठीक आहे. बॅकअपसाठी मला कुणाच्या ओ देण्यावर विसंबायचं नव्हतं.

शेवटी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली चालणारा एक छोटा राऊटर विकत घेतला आणि इंटरनेटवाल्यांच्या डब्यामागे लावला. त्यांच्या डब्याचं वायफाय बंद केलं. आता ते डबा बदलोत, गल्ली बदलोत, आतलं घर आपलं राहतं. घराच्या आतल्या रस्त्यांची नावं बाहेरच्या कंपनीने ठरवू नयेत, हे माझं आता ठाम मत झालं आहे. या राऊटरमध्ये डीएनएसमास्क नावाचं छोटं काम चालतं. तेच यंत्रांना आकडे वाटतं आणि तेच नावं विचारल्यावर सांगतं. त्यामुळे रुमालासाठी एकच ओळ लिहावी लागली: या नेटवर्क कार्डाचं यंत्र आलं तर त्याला हा आकडा दे, आणि त्याचं नाव रुमाल. मशीनवरचा माझा स्थिर आकडा काढून टाकला. ते आता बाकीच्यांसारखंच दारात येऊन आकडा मागतं आणि दर वेळी त्याला तोच मिळतो. आतल्या गल्लीसाठी मी १०.१२.७ घेतलं. १० ने सुरू होणारे सगळे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत, त्यातून बारा-सात आत्याने निवडलं. बारा जुलै.

यानंतर वाटलं झालं. रात्री दोनला काम सुरू झालं आणि अडकलं.

बॅक्युलात तीन जण असतात. डिरेक्टर म्हणजे कारभारी, केव्हा काय करायचं ते ठरवणारा. स्टोरेज म्हणजे कोठीवाला, डिस्कवर ठेवणारा. आणि ज्या संगणकाचा बॅकअप घ्यायचा तिथे बसलेला फाइल डीमन, फायली काढून देणारा. माझ्याकडे कारभारी आणि कोठीवाला दोघेही रुमालातच होते. कारभारी आत्याच्या संगणकाला सांगतो, 'फायली कोठीवाल्याकडे नेऊन दे, त्याचा पत्ता हा.' तो पत्ता कारभाऱ्याच्या फाइलीत लिहिलेला असतो, जशाच्या तसा पुढे दिला जातो, आणि फायली थेट संगणकाकडून कोठीवाल्याकडे जातात. सहा जागांची साफसफाई करताना मी तिथे आकड्याच्या जागी लोकलहोस्ट लिहून ठेवलं होतं. दोघे एकाच यंत्रात आहेत, मग वेगळं नाव कशाला, असा विचार.

लोकलहोस्ट म्हणजे 'इथे'. कुणी तुम्हाला फोनवर सांगितलं, 'सामान इथे आणून ठेव,' आणि तुम्ही कोथरूडला असाल, तर? आत्याच्या संगणकाने 'इथे' ऐकलं आणि स्वतःच्याच घरात कोठीवाल्याला शोधलं. तिथे कुणी नव्हतं. बॅक्युलाच्या पुस्तिकेत याबद्दल सरळ बजावलेलं आहे, मी ते ऑफिसात दहा जणांना सांगितलं आहे, आणि तरी ते त्या रात्री माझ्या हातून झालं. पत्ता सांगणाऱ्याला कळून भागत नाही, ऐकणाऱ्याच्या जागेवरून तो लागला पाहिजे. लोकलहोस्ट काढून पूर्ण नाव लिहिलं.

तरी 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. या वेळी तासभर गेला. आत्याच्या संगणकावरून रुमालाचं नाव विचारलं तर आकडा बरोबर येत होता. पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, पोचत होतं. नुसत्या कोठीवाल्याच्या पोर्टवर, ९१०३ वर, कुणी दार उघडेना. शेवटी रुमालात शिरून त्यालाच त्याचं नाव विचारलं. उत्तर आलं १२७.०.१.१. डेबियन बसवताना यंत्राच्या स्वतःच्या होस्ट्स फाइलीत अशी ओळ आपोआप पडते: माझं नाव म्हणजे मीच, आतला. आणि मी कोठीवाल्याला सांगितलं होतं, 'रुमाल या नावावर कान दे.' त्याने ते नाव घरात विचारलं, घराने आतला पत्ता दिला, आणि तो आतल्या खोलीचं दार लावून आतल्या हाका ऐकत बसला. ती ओळ काढली, कोठीवाल्याला सगळ्या दारांवर कान द्यायला सांगितलं, आणि पहिल्या चाळीस गिगाबाइट फायली सरकायला लागल्या. पहाटेचे पावणेपाच झाले होते. बाहेर पाऊस होता. आत्या उठून चहा टाकत होती.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती इथे लिहून ठेवतो. राऊटरमध्ये डीएनएसच्या दोन जागा असतात, पहिली आणि दुसरी. पहिला बंद पडला तर दुसरा, असं समजून मी दुसऱ्या जागी बाहेरचा एक सार्वजनिक डीएनएस भरला होता. पण यंत्रं ती रांग पाळतीलच असं नाही, कोणालाही विचारतात. बाहेरच्याला रुमाल माहीत असायचं कारण नाही. तो ठामपणे सांगतो, 'असं कुणी नाही.' आणि विंडोज ते 'नाही' काही काळ लक्षात ठेवतं. मग नाव दहा वेळा लागतं आणि अकराव्या वेळी लागत नाही. बॅकअपमध्ये हे सगळ्यात वाईट, कारण सकाळी तपासायला जावं तर सगळं ठीक असतं. दुसरी जागा मी रिकामी केली. राऊटर बंद पडला तर इंटरनेट बंद पडेल, पडू दे. ते लगेच कळतं.

आत्याच्या संगणकावर त्या रात्रीच्या आधीच आणखी एक चकवा निघाला होता. एनएसलुकअप या नाव तपासायच्या आज्ञेने विचारलं की नवा आकडा, पिंग केलं की जुना. सुरुवातीच्या प्रयोगातली ओळ तिच्या होस्ट्स फाइलीत तशीच राहिली होती. एनएसलुकअप त्या फाइलीकडे बघत नाही, सरळ डीएनएसला विचारतं. बाकी सगळं आधी फाइल बघतं. पडताळताना कोणाला विचारतोय हे आधी बघावं.

शिकायला येणाऱ्या मुलीच्या फोनवर मात्र रुमाल आजही उघडत नाही. तिने प्रायव्हेट डीएनएसमध्ये एका बाहेरच्या सेवेचं नाव भरलेलं आहे, त्यामुळे तिचा फोन घरच्या राऊटरला काही विचारतच नाही. ती म्हणाली, 'दादा, काढून टाकू का?' मी नको म्हटलं. तिने ते स्वतःच्या सुरक्षिततेसाठी केलं आहे. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याला त्याच्या दाराची कडी काढायला लावू नये. ती लॅपटॉप वापरते, त्यावर सगळं नीट चालतं.

आत्याने पहिल्यांदा ब्राउझरमध्ये नुसतं 'रुमाल' टाकलं तेव्हा तिला विकायला असलेले रुमाल दिसले, डझनाच्या भावात. एकाच शब्दाला ब्राउझर शोधायचा शब्द समजतो. पूर्ण नाव टाकून मी तिला खूण करून दिली. पण डायरीत तिने पूर्ण नावच लिहून घेतलं, एकेक अक्षर विचारत, आणि वर बाळबोधीत शीर्षक दिलं, 'रुमाल.' चि.ला फोन करण्याचं वाक्य तिने या वेळी लिहिलं नाही.

सकाळची मेल आता आली नाही तर माझ्या घरचं एक छोटं यंत्र मला उठवतं. ती व्यवस्था वेगळ्या घरात ठेवली आहे, वेगळ्या वाटेवर.

खंडेनवमीला मी गेलो तेव्हा तिने पाटावर बोरू, भिंग, कीबोर्ड मांडले होते आणि कपाटाच्या जाळीला झेंडूचं फूल अडकवलं होतं. पूजा झाल्यावर तिने एक फाइल काढली. एका पत्रात तिने तीन आठवड्यांपूर्वी एक शब्द बदलला होता, आधी 'सुत' वाचला होता, मुलगा या अर्थी, मग 'सूत' केला, धागा. मोडीत दोन्ही एकसारखेच दिसणार. आता तिला शंका येत होती. आधी आपण 'सुत' का म्हणालो होतो, त्याची टीप तिने तेव्हा लिहिली होती आणि बदल करताना पुसली होती.

मी खुर्ची पुढे ओढायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. खूण उघडली, तारीख निवडली, फाइल निवडली. कपाटात डिस्क किंचित गुरगुरली. सप्टेंबरातली प्रत तिच्या पडद्यावर आली, टीप जागच्या जागी होती: खालच्या ओळीत 'त्याची मुंज' असं काहीसं दिसते, पुन्हा पाहणे.

तिने मूळ कागदाचा फोटो उघडून मोठा केला, खालची ओळ मध्यावर आणली, भिंग उचललं आणि मला म्हणाली, 'जरा तो दिवा लाव रे.'